खिशातला लेबल प्रिंटर: मिरचीच्या मोसमापासून दिवाळीच्या स्टॉलपर्यंत

मार्चमध्ये घेतला आणि आता दिवाळीचे स्टॉल उरकलेत. मिरच्यांचा मोसम, पावसाळा, फराळाची गर्दी या सगळ्यातून हा प्रिंटर गेलाय, तेव्हा आता लिहायला हरकत नाही. आधीच सांगते, आपल्या मालाचं झकास लेबल घरच्या घरी छापून मिळेल या आशेने घेणार असाल तर थांबा. तारीख आणि बॅच नंबर छापायला घेणार असाल तर डोळे मिटून घ्या.

कोपरखैरण्याला घरूनच आमचा छोटासा व्यवसाय आहे. आगरी मसाला, मेतकूट, भाजणी, कुळथाचं पीठ आणि कोणी सांगितली तर सुक्या जवळ्याची चटणी. मिरची एपीएमसीच्या मसाला मार्केटमधून आणतो. ब्याडगी रंगाला, लवंगी तिखटाला. पण एका पोत्यातली लवंगी दुसऱ्या पोत्यासारखी कधी नसते, त्यामुळे डंकावरून आलेली प्रत्येक खेप थोडी वेगळी. ‘मागच्या वेळचा फारच झणझणीत होता’ असा फोन आला की मागच्या वेळचा म्हणजे नक्की कुठल्या खेपेचा, हे कळायला पाउचवर काहीतरी खूण हवी. मार्करने लिहायचो, पण मसाल्याच्या तेलकट हाताने दोनदा धरलं की अक्षर गायब. प्रिंटर आला तो या कारणाने.

यंत्र तळहातावर मावतं. १२ ते १५ मिलिमीटर रुंदीचे रोल बसतात, चार्जिंग टाइप-सी आणि सगळा कारभार मोबाईलच्या ॲपवरून. ऑफरमध्ये दोन हजारांच्या आत मिळाला. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. या किमतीत जे डझनभर प्रिंटर दिसतात त्यांची कामाची पद्धत एकच आहे, त्यामुळे मी लिहितेय त्यातलं बरंचसं सगळ्यांनाच लागू पडेल.

सुरुवातीला ॲपने डोकं खाल्लं. फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये प्रिंटर दिसतो म्हणून तिथूनच जोडायला जावं तर ॲप त्याला ओळखच देत नाही. तिथून काढून टाकायचा आणि ॲपच्या आतून जोडायचा, की लगेच लागतो. सासऱ्यांच्या जुन्या फोनवर ॲपने लोकेशनची परवानगी मागितली तेव्हा घरात चर्चासत्रच झालं. लेबल छापायला आमचा पत्ता कशाला हवा? तर अँड्रॉइड ११ पर्यंत आसपासची ब्लूटूथ उपकरणं शोधायची असतील तर ॲपला लोकेशनचीच परवानगी लागायची. अँड्रॉइड १२ पासून त्यासाठी वेगळी परवानगी आली. माझ्या फोनवर लोकेशन बंद ठेवूनही काम चालतं. लॉगिन करा, सदस्य व्हा, हे नवीन टेम्पलेट बघा, हा तगादा मात्र अजून चालू आहे. आपल्याला लागतात ती चार-पाच लेबलं एकदा फोनमध्ये सेव्ह करून ठेवली की त्या बाजारात पुन्हा शिरावं लागत नाही.

आता छपाई. यात शाई नाही आणि रिबनही नाही. कागदावरच एका रंगहीन रंगद्रव्याचा आणि त्याला काळं करणाऱ्या आम्लधर्मी रसायनाचा थर असतो. प्रिंटरच्या हेडमधले बारीक बिंदू तापतात, तेवढ्या जागी थर वितळतो, दोन्ही रसायनं एकत्र येतात आणि ठिपका काळा होतो. एटीएमची पावतीही अशीच छापलेली असते आणि पाकिटात काही महिने राहिली की तिचं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. लेबलांवर वरून संरक्षक थर असतो, त्यामुळे ती पावतीपेक्षा बरीच जास्त टिकतात. ‘वॉटरप्रूफ, ऑइलप्रूफ’ असं जे खोक्यावर लिहिलेलं असतं, त्यातलं पाण्याचं पूर्ण खरं आहे, तेलाचं अर्धं.

पाण्याखाली धरून चोळलं तरी अक्षर हलत नाही. तेलही वरच्या बाजूने लागलं तर पुसता येतं. पण लेबलाची कापलेली कड उघडी असते आणि तेल तिथून आत शिरतं. मसाल्याच्या बरणीवरच्या लेबलात हे स्पष्ट दिसलं. मधली अक्षरं ठणठणीत आणि कडेची ‘पॅकिंग’मधली ‘पॅ’ हळूहळू करडी होत गेली. तेव्हापासून मजकुराच्या चारही बाजूंना दोनेक मिलिमीटर जागा कोरी सोडते. पश्चिमेच्या खिडकीत ठेवलेल्या बरणीचं लेबल मे महिन्याच्या उन्हात फिकटलं, तर त्याच रोलमधलं फडताळातलं लेबल आजही काळंभोर आहे. मऊ पीव्हीसीची क्लिंग फिल्म वरून गुंडाळू नका, तिच्यातलं प्लास्टिसायझर, म्हणजे प्लास्टिक मऊ ठेवणारं रसायन, छपाई खातं.

उष्णतेची गंमत उलटी. साधारण ७० अंशांच्या आसपास हा कागद स्वतःच काळवंडायला लागतो. भाजणी दळून आली, पीठ चांगलंच गरम होतं, स्टीलचा डबा भरला आणि लेबल लावलं, तर त्याला काही झालं नाही. पण गॅसशेजारच्या मांडणीवर, कढईच्या कानाला टेकून राहिलेल्या डब्याचं लेबल संध्याकाळपर्यंत काळ्या पाटीसारखं झालं. अक्षर गेलं नव्हतं, आजूबाजूचं सगळंच अक्षरासारखं काळं झालं होतं.

मराठीत छापणाऱ्यांसाठी थोडं सविस्तर लिहिते, कारण इंग्रजी रिव्ह्यूंमध्ये हे सापडत नाही. या प्रिंटरची क्षमता २०३ डीपीआय, म्हणजे एका मिलिमीटरला ८ ठिपके. १२ मिलिमीटरच्या पट्टीच्या उंचीत ९६ ठिपके बसतात. दोन ओळी घेतल्या आणि वर-खाली मोकळी जागा सोडली की एका ओळीला तीसेक ठिपके उरतात. इंग्रजी कॅपिटल अक्षरं ही सगळी उंची वापरतात. आपल्या अक्षराला वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार हवा आणि खाली उकार, म्हणून मूळ अक्षराच्या वाट्याला जेमतेम निम्मी उंची येते. त्यात ॲपमधला डार्कनेस, म्हणजे छपाईचा गडदपणा, सगळ्यात वर ठेवला की ठिपके एकमेकांत मिसळतात. ‘कुळीथ’चा उकार ‘क’च्या दांडीला चिकटला. ‘धने’ आणि ‘घने’ यांत फरक फक्त शिरोरेषेच्या फटीचा, ती फट बुजली आणि आमच्या घरी घने पावडर तयार झाली. सासूबाई अजून तेच म्हणतात.

यावर उपाय असा. डार्कनेस मधला ठेवायचा. ॲपमधल्या सजावटी फाँटच्या नादी लागायचं नाही, त्यातले बहुतेक रोमन आणि चिनी लिपीसाठी आहेत. त्यात देवनागरी टाकली की जोडाक्षरं तुटतात किंवा फोनचा साधा फाँट येतो. मी दुसऱ्या ॲपमध्ये ‘मुक्ता’ फाँटात, सेमीबोल्ड जाडीत मजकूर लिहून त्याचं चित्र करते आणि ते चित्र इथे आणते. मुंबईच्या ‘एक टाइप’चा हा फाँट मोफत आहे आणि लहान आकारातही त्याच्या फटी उघड्या राहतात. नाव एका ओळीत मोठं, तारीख त्याच्या उजवीकडे उभी दोन ओळींत, आकडेच असल्यामुळे त्यांना कमी उंची पुरते. ही मांडणी जमल्यापासून मदतीला येणाऱ्या मावशीही चष्मा न लावता डबा उचलतात.

आता धंद्याचं लेबल. सुरुवातीला वाटलं होतं की सगळंच याच्यावर होईल, पण विकायच्या पाकिटावर काय काय लागतं ते बघा. पॅकबंद वस्तूंच्या २०११ च्या वैधमापन (वजन-मापांच्या) नियमांनुसार पॅक करणाऱ्याचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी संपर्क. खाण्याची वस्तू म्हणून एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ अंकी नंबर, घटक पदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने, पोषणमूल्यं, वापरण्याची शेवटची तारीख. शाकाहारी चिन्ह हिरव्या चौकटीत हिरवा गोल. जवळ्याच्या चटणीला तपकिरी चौकटीत तपकिरी त्रिकोण, जिथे पूर्वी तपकिरी गोल असायचा. इथेच हा प्रिंटर हात वर करतो. तो काळं सोडून दुसरा रंग छापू शकत नाही आणि एवढा मजकूर १२ मिलिमीटरच्या पट्टीत माणसाला वाचता येईल असा बसत नाही.

मग कामं वाटून टाकली. जे बदलत नाही ते रंगीत लेबल वाशीच्या छापखान्यातून हजाराच्या नगाने. त्यावर खालच्या कोपऱ्यात एक पांढरा चौकोन रिकामा ठेवायला सांगितला. जे दर खेपेला बदलतं, म्हणजे बॅच, पॅकिंगची तारीख, वापरण्याची शेवटची तारीख आणि किंमत, ते या प्रिंटरवर छापून त्या चौकोनात चिकटवायचं. मार्करपेक्षा नेटकं दिसतं. पूर्वी मिरचीचा भाव चढला की जुन्या भावाची छापलेली लेबलं रद्दीत जायची, तो प्रश्न मिटला. बॅचही अशी लिहिते की वाचूनच कळावं, मिरचीचं आद्याक्षर, महिना, खेप. तिखटाबद्दल फोन आला की पाकिटावरचं तेवढंच वाचून दाखवायला सांगते आणि वहीत बघून उत्तर देते. या एका सोयीपोटी मी बाकी सगळं माफ करते.

खर्चाचं गणित मात्र यंत्राच्या किमतीवरून मांडू नका, रोलवरून मांडा. मला एक लेबल रुपया-सव्वा रुपयाला पडतं. शंभर ग्रॅमच्या पाकिटाला ते चालतं, दहा रुपयांच्या पुडीला नाही. काही कंपन्यांच्या रोलच्या नळीत चिप असते. ती यंत्र वाचतं, किती लेबलं उरली ते दाखवतं आणि दुसऱ्या कंपनीचा रोल घातला की छापायलाच नकार देतं. माझ्या यंत्रात ती नाही, म्हणून बाजारातले रोल चालतात. पण स्वस्तातल्या एका रोलमधल्या दोन लेबलांमधलं अंतर सारखं नव्हतं, सेन्सर चुकायचा आणि तारीख अर्धी या लेबलावर, अर्धी त्या. रोल बदलल्यावर पहिलं लेबल वाया जातंच, ते धरून चाला.

पैसे घ्यायला यूपीआयचा छोटा क्यूआर लेबलावर छापून बघितला. आमच्या लिंकच्या लांबीला ३३ बाय ३३ चौकटींचा कोड होतो, भोवतीची कोरी जागा धरून ४१. ९६ ठिपक्यांत एका चौकटीला दोनच ठिपके मिळतात, म्हणजे पाव मिलिमीटर. माझ्या फोनने वाचला, गिऱ्हाइकांच्या फोनचे कॅमेरे इतक्या जवळून फोकसच करेनात. सोसायटीच्या दिवाळी स्टॉलवर शेवटी नेहमीचा मोठा क्यूआरच उभा केला.

घरात फ्रीज आणि फ्रीझर ही याची खरी जागा आहे. ऊन नाही, उष्णता नाही, तेल कमी. वाटण, ओलं खोबरं, सोललेली कोळंबी, कुठल्या तारखेचं ते डब्यावर. लेबल मात्र डबा कोरडा आणि खोलीच्या तापमानाला असताना लावा. घाम आलेल्या गार डब्यावर गोंद धरतच नाही आणि पावसाळ्यात तर फ्रीजमधून काढताक्षणी डबा घामाघूम. स्टीलवर राहिलेला चिकटा खोबरेल चोळून दहा मिनिटं ठेवला की निघतो.

नवरा एकदा हा प्रिंटर महापेला ऑफिसमध्ये घेऊन गेला, नेटवर्कच्या केबलींना नावं लावायला. केबलीभोवती झेंड्यासारखं दुमडून लावलेलं लेबल टिकलं, गोल गुंडाळलेलं सुटून आलं. त्याचं मत, वर्षानुवर्षं राहायच्या खुणांना रिबनवाला, लॅमिनेट होणाऱ्या टेपचा प्रिंटर घ्यावा. महाग पडतो, पण त्याची छपाई प्लास्टिकच्या थराखाली असते. मला पटतं. माझा मसाला काही वर्षानुवर्षं राहणार नाही.

बॅटरीबद्दल तक्रार नाही. वीज गेली तरी पॅकिंग थांबत नाही, एवढं पुरे.

आता पुढचा घ्यायचा झाला तर ५० मिलिमीटर रुंदीचे रोल घेणारा बघेन. फराळाच्या खोक्यांवर घटक पदार्थांची यादी निदान काळ्यात तरी छापता येईल, आणि हिरव्या गोलाची चौकट आधीच छापलेले रोल छापखान्यातून करून घेता येतील का, ते विचारलंय. एका रोलच्या नगाला ते करत नाहीत, किमान किती घ्यावे लागतील ते कळलं की ठरवू.