विनाइल फरशीची निगा: म्हापशाच्या घरातील दहा महिन्यांचा अनुभव

गेल्या दिवाळीनंतर म्हापशातील आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या सदनिकेत बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर एवढ्या भागात, जुन्या मोझेक लादीवरच, 2 मिलिमीटर जाडीच्या विनाइल (एक प्रकारचे प्लास्टिक) पट्ट्या चिकटवून घेतल्या. आता उन्हाळा आणि जवळजवळ सगळा पावसाळा सरला आहे. फरशी पायाला मऊ लागते, थंडगार पडत नाही आणि दिसायलाही देखणी आहे, त्यामुळे घेतल्याचा पश्चात्ताप नाही. परंतु ती पुसण्याची आमची पद्धत सुरुवातीला साफ चुकली होती.

पहिले तीन महिने जुन्या सवयीने बादलीत फिनेल ओतून रोज फरशी पुसली जात होती. सकाळी ती स्वच्छ दिसे, पण संध्याकाळी खिडकीतून तिरपे ऊन आत आले की अनवाणी पावलांचे ठसे, अगदी बोटे मोजता येतील इतके स्पष्ट, उमटलेले दिसत. विनाइल पाणी शोषत नाही, त्यामुळे धुऊन न काढलेला फिनेलचा अंश वरच्यावर साचत जातो आणि त्या चिकट थरावर धूळ बसते. एका रविवारी कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे काही थेंब टाकून फरशी पुसली, तेव्हा पांढरे सुती फडके दोन-तीन हातांतच राखाडी झाले. त्यानंतर नुसत्या पाण्याने दोनदा पुसल्यावर मूळची झळाळी परत आली. आता साबणाचे पाणी आठवड्यातून एकदाच, आणि एरवी घट्ट पिळलेले फडके, एवढेच पुरते.

त्याहून मोठा शत्रू म्हणजे वाळू. आपल्याकडे चपलांबरोबर तांबडी माती घरात येतेच, आणि किनाऱ्यावर जाऊन आले की वाळूही येते. पट्टीवरचा पारदर्शक संरक्षक थर मिलिमीटरच्या काही दशांशांइतकाच असतो, आणि वाळूचा कण त्याला सहज ओरखडतो. म्हणून आधी मऊ केरसुणीने केर काढल्याशिवाय ओले फडके फिरवू नये, नाहीतर फडक्याखालची वाळूच फरशी घासत राहते. रांगोळीचेही तसेच आहे, कारण ती दगडाची पूड असते. यंदा चवथीला आम्ही रांगोळी पाटावर काढली.

हुमण (माशांची आमटी) सांडल्याने पडलेला हळदीचा डाग साबणाने अर्धाच गेला, पण ती जागा खिडकीजवळ असल्यामुळे उरलेली पिवळी झाक उजेडाने काही दिवसांत फिकट होत नाहीशी झाली. ब्लीच किंवा नेलपॉलिश काढण्याचे द्रव्य लावण्याचा मोह टाळला, हे बरे झाले, कारण अॅसिटोनने विनाइलचा पृष्ठभागच खराब होतो.

एक डाग मात्र कायमचा राहिला. दाराशी रबरी तळ असलेले पायपुसणे ठेवले होते. मार्चमध्ये ते उचलले, तर खाली नेमक्या त्याच आकाराचा तपकिरी-पिवळा चौकोन उमटला होता. आम्ही तो मळ समजून बराच वेळ घासला, आणि ते श्रम व्यर्थ गेले. कारण रबरातील रसायने विनाइलमध्ये उतरून रंग आतूनच बदलतात. विक्रेत्याने हे आधी सांगायला हवे होते, अशी माझी स्पष्ट तक्रार आहे. आता तेथे आईने जुन्या साड्यांपासून शिवलेले जाड पायपुसणे आहे, आणि ते दर दोन दिवसांनी वाळत घालतो.

जुलैमध्ये खिडक्या बंद असल्याने पुसलेली फरशी वाळेना, आणि बाल्कनीच्या दाराशी पाणी सांध्यात मुरून दोन पट्ट्यांच्या कडा उचलल्या गेल्या. तेव्हापासून पुसल्यावर अर्धा तास पंखा लावतो, आणि पावसाची झड आत आली की पाणी ताबडतोब टिपून घेतो. बसवून घेताना उरलेल्या चार पट्ट्या सुदैवाने जपून ठेवल्या आहेत. पाऊस ओसरून खालची लादी पुरती वाळली की त्यांतल्या दोन दाराशी आणि एक त्या तपकिरी चौकोनाच्या जागी बसवून घेणार आहे.