पाच वॅट आणि एक नॉब, की पंधरा वॅट आणि मास्टर?

गिटारसाठी छोटा ट्यूब ॲम्प घ्यायचा आणि पेडलचा नव्हे, ॲम्पचाच ओव्हरड्राइव्ह, म्हणजे ताण पडून फाटलेला आवाज, वाजवायचा, एवढं एकदा ठरलं की पर्याय फार उरत नाहीत. घोडं अडतं ते दोन जातींपाशी. एक म्हणजे पाच वॅटच्या आसपासचा, एकाच पॉवर ट्यूबचा (स्पीकरला ताकद पुरवणाऱ्या ट्यूबचा) ॲम्प. फेंडर चॅम्प, व्हॉक्स एसी४, एपिफोन व्हॉल्व्ह ज्युनियर हे सगळे या घराण्यातले. यांच्यावर एक व्हॉल्यूम आणि फार तर एखादा टोन, संपलं. दुसरी जात बारा ते पंधरा वॅटची, दोन पॉवर ट्यूबची, पुश-पुल (दोघी जोडीने काम वाटून घेतात). तिच्यात व्हॉल्यूम वेगळा आणि शेवटचा आवाज ठरवणारा मास्टर वेगळा. फेंडर ब्लूज ज्युनियर हे त्यातलं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण.

मी दोन्ही जातींचे ॲम्प वापरलेत आणि एक ठेवलाय. कुठला, ते वाचता वाचता कळेलच. दुसरा वाईट होता असं मात्र मी म्हणणार नाही. तो आता ज्याच्याकडे आहे, त्याचं त्याच्याशी उत्तम जमतं.

आधी वॅटांचं बघू, कारण बरेच जण नुसत्या आकड्यावरून ठरवून मोकळे होतात. पाच वॅट म्हणजे पंधराचा तिसरा हिस्सा, तेव्हा आवाजही तिसरा हिस्सा, हा हिशेब कानाला लागू पडत नाही. दोघांत फरक जेमतेम पाच डेसिबलचा. आवाज निम्मा झाल्यासारखा वाटायला साधारण दहा डेसिबल उतरावे लागतात, म्हणजे ताकद थेट एक दशांशावर आणावी लागते. त्यात गिटारचे स्पीकर एका वॅटला एक मीटरवर ९५ ते १०० डेसिबल सहज देतात. त्यामुळे पाच वॅटचा ॲम्प पूर्ण उघडला की हलक्या हाताच्या ड्रमरबरोबर आरामात ऐकू येतो. 'छोटा आहे, रात्री खोलीत चालेल' या भरवशावर घेणार असाल तर तो भरवसा आत्ताच सोडा. दुपारी, दार लावून, हो. मध्यरात्री नाही.

मास्टर व्हॉल्यूम आला तो याच अडचणीवर उपाय म्हणून. मार्शलने १९७५ मध्ये शंभर वॅटच्या २२०३ मध्ये तो दिला आणि पुढे तो सगळीकडे पसरला. कल्पना सरळ आहे: प्रीॲम्प, म्हणजे सिग्नल आधी वाढवणारा भाग, हवा तेवढा फाडा आणि पुढे पॉवर ट्यूबकडे जाणारा सिग्नल चिमटीत धरा. आवाज हळू, डिस्टॉर्शन भरपूर. फक्त इथे फाटतो तो एकटा प्रीॲम्प. फेज इन्व्हर्टर (दोन पॉवर ट्यूबना सिग्नल वाटून देणारा टप्पा), पॉवर ट्यूब, आउटपुट ट्रान्सफॉर्मर, स्पीकर ही पुढची सगळी मंडळी निवांत बसलेली असतात. पाच वॅटवाला पूर्ण उघडा असतो तेव्हा त्याच्यातला प्रत्येक जण आपापल्या परीने सूर थोडा थोडा वाकवत असतो, कोणा एकावर सगळा भार नसतो. आपण ज्याला 'नैसर्गिक' ओव्हरड्राइव्ह म्हणतो तो बहुतेक या वाटून घेतलेल्या कामातून येतो, असं मला वाटतं.

कागदावर एवढंच. माझं जिथे बिनसलं ती गोष्ट कुठल्याही माहितीपत्रकात सापडणार नाही.

पंधरा वॅटवाला घरच्या आवाजावर लावायचा म्हणजे मास्टर दोन-अडीचवर आणि व्हॉल्यूम सात-आठवर. कॉर्ड्स छान वाजायच्या. सलग, जोरात वाजवत राहिलं तर तक्रारीला जागाच नव्हती. पण तिसऱ्या तारेवर एकच सूर धरला, जरा ओढला आणि उजवा हात थांबवून नुसती आस, म्हणजे मागे रेंगाळणारा सूर, ऐकत बसलं, की शेवटच्या टप्प्यात घोळ व्हायचा. सूर विरत जायचा, पण त्याच्या अंगावरची खरखर विरायची नाही. खालचा गाभा संपत आलेला आणि वर ती बारीक, कोरडी किरकिर तशीच. मग दोन-तीन तुटक झटके, थुंकल्यासारखे, आणि सगळं एकदम गप्प. जलद वाजवताना हे जाणवतही नाही. संथ वाजवायला लागलो की मला दुसरं काही ऐकू येत नसे.

असं का होतं, याचा माझा अंदाज असा. प्रीॲम्पचे टप्पे भरपूर गेनवर (सिग्नलच्या वाढीवर) असले की सिग्नल माथ्यावर सपाट कापला जातो. तार मंदावत असली तरी कापलेल्या सिग्नलची उंची बराच वेळ तेवढीच राहते. पुढे ती काठाची धार गोल करायला कोणी नसतं, कारण ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर यांना ताणच पडलेला नसतो. शेवटी सिग्नल कापण्याच्या पातळीखाली घसरतो तेव्हा तो हळूच उतरत नाही, गडगडतो. कानाचाही यात वाटा आहे, हे मान्य करायला हवं. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिलं होतं की आवाज जितका हळू, तितका खर्ज आपल्याला कमी ऐकू येतो. गाभा कानाआड गेला की किरकिर उघडी पडणारच. तेव्हा सगळा दोष ॲम्पच्या माथी मारणं बरं नाही. मास्टर सहा-सातवर नेला की तोच ॲम्प बराच शहाण्यासारखा वागायचा. पण सहा-सातवर नेता आला असता तर मास्टर हवा कशाला होता?

इलाज करून पाहिले. पहिल्या सॉकेटमधली १२एएक्स७ ही प्रीॲम्प ट्यूब काढून ५७५१ लावली. पहिलीचा वाढीचा गुणक १००, दुसरीचा ७०च्या आसपास, म्हणजे गेन जरा निवळतो. फरक पडला, किरकिरीचं शेपूट आखूड झालं, गेलं नाही. ट्रेबल उतरवला तर किरकिरीबरोबर सुराची चमकही गेली. स्पीकर बदलला तेव्हा कॉर्ड्स आणखी छान वाजायला लागल्या आणि आस होती तिथेच राहिली.

पाच वॅटवाल्यावर तोच सूर, तेच बोट. सुरुवातीला खरखरीत, मध्ये कुठेतरी गोल होत जाणारा, शेवटी नुसती तार. डिस्टॉर्शन नेमकं कुठे संपलं, त्यावर बोट ठेवता येत नाही. एकट्या पॉवर ट्यूबचा स्वभावही इथे मदतीला येतो. ती दुसरा हार्मोनिक (मूळ सुरासोबत उमटणारा वरचा उपसूर) भरपूर देते, म्हणजे वरच्या सप्तकातला तोच सूर. पुश-पुलमध्ये दोन ट्यूब पाठीला पाठ लावून काम करतात, त्यामुळे पॉवर स्टेजमध्ये तयार होणारे सम हार्मोनिक बरेचसे एकमेकांना खोडतात. तिथे तिसरा उठून दिसतो, म्हणजे वरच्या सप्तकातला पंचम. तो जरा करकरीत लागतो आणि रॉकच्या जाड कॉर्ड्सना शोभूनही दिसतो. मला आस महत्त्वाची, म्हणून माझा कल कुठे ते उघड आहे.

दुसरा फायदा गिटारच्या व्हॉल्यूमचा. पाच वॅटवाला नऊवर ठेवून द्यायचा आणि त्याच्याकडे पाठ करायची. गिटारचा नॉब दहावर असताना सोलो, सातवर भरड कॉर्ड्स, चारवर जवळजवळ स्वच्छ. मास्टरवाल्यावरही हे होतं, पण तिथे नॉब खाली आणला की आवाज पातळ आणि गुदमरलेला व्हायचा. त्यातला काही भाग गिटारचाच असतो: नॉब खाली आला की ट्रेबल आधी गळतो. व्हॉल्यूम पॉटवर १ नॅनोफॅरडच्या आसपासचा एक छोटा कपॅसिटर, सोबत एक रोध, असं ट्रेबल ब्लीड बसवून घेतलं की बरंच निभावतं. ॲम्प कुठलाही घ्या, हे करून घ्याच.

आता पाच वॅटवाल्याची उणीदुणी. तीही कमी नाहीत.

पहिली म्हणजे हम, सततची गुणगुण. पुश-पुलमध्ये वीजपुरवठ्यातली लहर ट्रान्सफॉर्मरच्या दोन्ही बाजूंना सारखीच पोचते आणि बरीचशी विरून जाते. एकट्या ट्यूबला ही सोय नाही, लहर थेट स्पीकरमध्ये. नऊवर ठेवलेला ॲम्प दोन ओळींच्या मधल्या शांततेत गुणगुणत राहतो. मला त्याची सवय झाली. रेकॉर्डिंग करणाऱ्याला होईलच असं नाही. फिल्टर कपॅसिटर चांगले बसवून घेतले तर फरक पडतो, पण ते काम जाणत्या माणसाकडूनच करून घ्या. आत ३०० व्होल्टच्या वर मामला असतो आणि प्लग काढल्यावरही तो तिथे दबा धरून बसलेला असतो.

दुसरी म्हणजे खर्ज. आठ इंची स्पीकर, इवलासा ट्रान्सफॉर्मर, त्यात नेक पिकअप (तारांची कंपनं टिपणारा, मानेजवळचा) आणि सहावी तार: सगळा चिखल. यावर उपाय सोपा आहे. खर्ज फाटण्याच्या आधी कमी करायचा, नंतर नाही. ब्रिज पिकअप वापरा, किंवा ट्यूब स्क्रीमर घराण्यातलं ओव्हरड्राइव्ह पेडल ड्राइव्ह शून्यावर आणि लेव्हल वर ठेवून लावा. ती पेडलं खर्जाला मुद्दाम कमी उचल देतात, इथे तेच हवं असतं. (पेडलचा ओव्हरड्राइव्ह नको म्हणालो होतो, ठाऊक आहे. पण फाडण्याचं काम इथे ॲम्पच करतो.) बारा इंची स्पीकरच्या कॅबिनेटला जोडला तर हाच ॲम्प अंगाने दुप्पट वाटतो. फक्त मागे लिहिलेला ओहमचा आकडा जुळवून घ्या आणि स्पीकर न जोडता ट्यूब ॲम्प कधीही वाजवू नका. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

तिसरी उणीव, ज्यावर पंधरा वॅटवाला खरोखर बाजी मारतो: स्वच्छ आवाज. बँडमध्ये ड्रमच्या वर स्वच्छ कॉर्ड्स ऐकवायच्या असतील तर पाच वॅट पुरत नाहीत, मग माइक लावावाच लागतो. आणि सॅग. जोरात घाव घातला की क्षणभर दबून मग फुलणारा तो आवाज पुश-पुलचा, विशेषतः ट्यूब रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारी ट्यूब) असलेल्याचा. एकट्या ट्यूबचा ॲम्प वाजवा किंवा गप्प बसा, जवळपास तेवढाच करंट ओढत असतो, त्यामुळे सॅग जवळजवळ नसतोच. ज्यांची बोटं त्या दबण्याला सोकावली आहेत त्यांना पाच वॅटवाला जरा ताठ वाटेल. तो त्यांचा भ्रम नाही.

'मग पंधरा वॅटवालाच घेऊन मास्टर पूर्ण उघडा आणि ॲम्प आणि स्पीकरच्या मध्ये ॲटेन्युएटर, म्हणजे आवाज उतरवणारा डबा, लावा' असं कोणीतरी म्हणणारच. म्हणणं रास्त आहे, आणि ज्यांच्याकडे असा ॲम्प आधीच आहे त्यांनी नवा घेण्यापेक्षा हेच करावं. माझ्या अनुभवात पहिल्या आठ-दहा डेसिबलपर्यंत रंग बराच टिकतो. त्याच्याखाली गेलं की स्पीकरचा वाटा संपतो आणि सगळं चादरीखालून येतंय असं वाटायला लागतं. स्पीकरसारखा बदलता भार दाखवणारा रिॲक्टिव्ह प्रकार नुसत्या रेझिस्टरवाल्यापेक्षा मला जास्त जिवंत वाटला. घेताना क्षमता ॲम्पच्या वॅटांच्या दुप्पट तरी बघा, कारण पंधरा वॅटचा ॲम्प फाटायला लागला की पंधरावर थांबत नाही. मधली वायर स्पीकरचीच हवी, गिटारची नाही. माझ्याकडे तो काही काळ होता. पण आणखी एक डबा, आणखी एक वायर, आणि तापणारी चीज. पाच वॅटवाल्याला त्याची गरज कमी वेळा पडते, आणि पडते तेव्हा थोड्या डेसिबलांत भागतं.

तेव्हा बँडमध्ये वाजवत असाल, स्वच्छ आवाज लागत असेल, किंवा रात्रीच तेवढा वेळ मिळत असेल तर पंधरा वॅट आणि मास्टर घ्या. त्यात समजूतदारपणा आहे. जाड, सलग गेन आवडणाऱ्यांनाही तोच बरा, त्यांना शेपटाचा त्रास होणार नाही. एकटे वाजवत असाल, सुरांमध्ये जागा सोडत असाल, आणि थोडा मोठा आवाज करायची मुभा असेल, तर मी पाच वॅटवाल्याकडे बोट दाखवीन.

ऐकायला जाल तेव्हा आपली गिटार न्या. पहिली पाच मिनिटं नेहमीचं वाजवून घ्या, कारण त्याशिवाय राहवणार नाही. मग दोन्ही ॲम्प घरी जेवढा आवाज चालतो तेवढ्यावर आणा, तिसऱ्या तारेवर सातव्या पट्टीच्या (फ्रेटच्या) आसपास एक सूर धरा आणि तो पूर्ण संपेपर्यंत हात हलवू नका. त्यानंतर सगळ्या तारा तळव्याने दाबून दहा सेकंद नुसता हम ऐका. पहिल्या परीक्षेत पंधरावाला खटकला तर पाचवाला घ्या. दुसरीत पाचवाला जास्त खटकला तर माझं म्हणणं बाजूला ठेवून सरळ पंधरावाला उचला.