रविवारचे तीन तास भाड्याने : कुर्ल्यातील एका गॅरेजविषयी

जुनी मोटार पूर्ववत करून देणाऱ्या गॅरेजविषयी लिहिताना लोक बहुधा रंग कसा बसला, इंजिन कसे वाजते आणि बिल किती झाले एवढेच सांगतात. मी ज्या गॅरेजविषयी लिहिते आहे, तेथे माझी मोटार अजून पूर्ण झालेली नाही. तरीही या जागेची शिफारस करावीशी वाटते, कारण आधीच्या चौदा वर्षांत झाले नव्हते एवढे काम तेथे दोन वर्षांत झाले आणि त्यातले निम्म्याहून अधिक माझ्या हातांनी झाले. मालकांनी नाव छापू नये अशी विनंती केली आहे; त्यांच्याकडे चारच मोटारींची जागा आहे आणि ती भरलेली असते. कुर्ला पश्चिमेला, विद्याविहारच्या बाजूला, एवढे सांगण्याची परवानगी मिळाली आहे.

मोटार १९७३ सालची प्रीमियर प्रेसिडेंट आहे. फियाट ११०० डिलाइट या नावाने १९६४ पासून मुंबईत तयार होणारी गाडी मध्यंतरी थोडा काळ प्रेसिडेंट म्हणून विकली गेली आणि १९७४ पासून पद्मिनी झाली. त्यामुळे डिकीवरचे नाव वाचून टॅक्सी चालवण्यात आयुष्य घालवलेली माणसेही क्षणभर अडखळतात. १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, चारही चाकांना ड्रम ब्रेक. वडिलांनी ती घेतली तेव्हा फियाटसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे थांबावे लागे. २००९ मध्ये ती शेवटची चालली आणि त्यानंतर मुलुंडला आमच्या सोसायटीच्या आवारात ताडपत्रीखाली उभी राहिली.

तिला हात का लागला नाही, याचे माझे उत्तर ठरलेले होते: वेळ नाही. मी फोर्टमधल्या एका बँकेत नोकरी करते. सकाळी पावणेआठला घर सोडते आणि रात्री आठला परतते. परंतु प्रामाणिकपणे पाहिले तर रविवार मोकळा असे आणि वर्षातून चार-पाच वेळा मी मोठ्या उत्साहाने ताडपत्री काढतही असे. मग जॅक माळ्यावरून उतरवायचा, रिंग पान्यांचा संच शोधायचा, गेल्या खेपेला कोठवर आलो होतो ते आठवायचे, गंजलेल्या नटावर तेल सोडून वाट पाहायची आणि ग्राइंडरचा आवाज झाला की वरच्या मजल्यावरून निरोप यायचा. पान्यांचा पसारा मांडण्यात आणि आवरण्यात दिवस संपे. मोटारीवर प्रत्यक्ष काम अर्धा तास होई. अशा तीन-चार रविवारांनंतर उत्साह आटला तर त्यात नवल काय?

मधल्या काळात एका गॅरेजला संपूर्ण कामाचे कंत्राट देऊन पाहिले. त्याचे नाव सांगण्यात अर्थ नाही, पण चूक सांगण्यासारखी आहे. त्यांनी पहिल्याच आठवड्यात सगळी मोटार एकदम उघडली. काचा, दरवाजे, सीट, इंजिन, वायरिंग, सारे बाहेर. त्या दिवशी काम धडाक्यात चालले आहे असे वाटले. दोन वर्षांनी मोटार परत आणली तेव्हा ती टेम्पोतून आणि अकरा पोत्यांतून आली. कोणता बोल्ट कोठला हे सांगणारा मुलगा केव्हाच नोकरी सोडून गेला होता आणि हेडलाइटच्या दोन क्रोम कड्यांपैकी एक कायमची हरवली होती.

३० ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी अधिकृतपणे निवृत्त झाल्या. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे २००३ मध्ये नोंदलेली शेवटची गाडीही त्या वेळी बाद झाली. त्या आठवड्यात वर्तमानपत्रांतले फोटो पाहून माझ्यासारख्या पुष्कळांना भरून आले असणार. अशा भरून येण्यावर मोटार दुरुस्त होत नाही, हे मला तोवर कळून चुकले होते. त्या भरात मी एवढेच केले की जुन्या टॅक्सीवाल्यांकडे विचारपूस करत या गॅरेजपर्यंत पोहोचले.

येथली पद्धत अशी आहे. मोटार ठेवायच्या जागेचे महिन्याचे भाडे ६,५०० रुपये. हत्यारे, कॉम्प्रेसर, घोड्या (गाडी उचलून टेकवायचे स्टँड) आणि वेल्डिंगचा संच वापरणे त्यातच आले; वेल्डिंगचा गॅस वेगळा. मिस्त्रींचे साहाय्य घेतले तर तासाला ३५० रुपये. मोटारीच्या मालकाने रविवारी सकाळी साडेआठला यायचे, साडेअकराला हात धुवायचे आणि निघण्यापूर्वी पुढच्या रविवारचे एकच काम भिंतीवरच्या फळ्यावर खडूने लिहायचे. ते काम तीन तासांत संपेल एवढेच असले पाहिजे आणि त्याला लागणारे सामान त्याच्यापुढे लिहून आठवडाभरात आणायचे. सलग चार रविवार आला नाहीत तर जागा सोडावी लागते.

पहिल्या दिवशी मामांनी (गॅरेजच्या मालकांना तेथे सगळे मामाच म्हणतात) बॉनेट उघडले नाही. त्यांनी विचारले, "ताई, रविवारी किती वाजता उठता?" मी हसले, तेव्हा म्हणाले, "गाडीला काय झालंय ते मला दिसतंय. तुमचं सांगा." माझी पहिली फळ्यावरची नोंद काय असावी? अकरा पोत्यांपैकी एका पोत्यातले नट-बोल्ट धुऊन, निवडून बरण्यांत भरणे. पोती संपायलाच अकरा रविवार लागले. मला तो वेळेचा अपव्यय वाटला होता, आणि आज फळीवरच्या त्या बरण्यांपर्यंत जाऊन हवा तो बोल्ट अर्ध्या मिनिटात उचलताना मला माझीच लाज वाटते.

दुसरा निर्णय मात्र मला तेव्हाच पटला. पत्र्याचे काम बाकी असतानाही मामांनी इंजिन आधी घेतले. सिलिंडर बोअर करून, म्हणजे आतून किंचित रुंद करून, ओव्हरसाइज पिस्टन बसवले, आणि इंजिनाच्या हेडला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ज्यांवर टेकतात त्या सीट कडक धातूच्या नव्या घातल्या. पूर्वी पेट्रोलमधले शिसे या सीटांचे झिजण्यापासून रक्षण करत असे. १ फेब्रुवारी २००० पासून शिसेयुक्त पेट्रोल देशभर बंद झाले, हे जुन्या इंजिनाला कोणी सांगितलेले नसते. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळे जुने रबर खराब होते, म्हणून पेट्रोलचे सर्व पाइप, पंपाचा पडदा आणि सोलेक्स कार्बोरेटरची पॅकिंगही बदलली. पुढच्या पावसाळ्यात, रंग नाही, काचा नाहीत, सीट म्हणून उलटी बादली, अशा अवस्थेत इंजिन सुरू झाले. त्या आवाजाने मला पुढचे सहा महिने पुरतील एवढे बळ दिले, आणि मामांनी तो क्रम मुद्दाम तसा लावला होता हे मला नंतर त्यांच्या मुलाकडून कळले. मोटार नेहमी चाकांवर उभी राहिली पाहिजे आणि ढकलता आली पाहिजे, हाही त्यांचा हट्ट आहे. चाके काढून घोड्यांवर चढलेली गाडी महिनोन्महिने तशीच राहते, असे ते म्हणतात.

आता पत्र्याविषयी, कारण या गॅरेजचे खरे कसब तेथे आहे. या फियाटला वेगळी चासी नसते. बॉडीच सारा भार उचलते. दरवाज्यांखालचे सील, म्हणजे पत्र्याच्या लांब पोकळ पट्ट्या, सडले तर गाडी मधोमध वाकू लागते आणि दरवाजे घासू लागतात. समुद्राची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांमुळे मुंबईत हे सील आतून कुजतात, आणि वरून रंग शाबूत दिसत असल्याने ते लक्षातही येत नाही. आधीच्या गॅरेजने गंजावरच नवा पत्रा ठोकून पुट्टी भरली होती. येथल्या डेंटरने ती सगळी तोडली, गाडी खालून जागोजागी टेकू देऊन समतल केली आणि एका वेळी एकाच बाजूचे सील कापले. दरवाजे मात्र काढले नाहीत. मी कारण विचारले तेव्हा त्याने दरवाज्याच्या फटीत बोट फिरवून दाखवले: फट वरून खालपर्यंत सारखी असेल तोवर बॉडी सरळ आहे, आणि ती कमी-जास्त झाली की वेल्डिंग थांबवायचे. दोन्ही बाजूंना मिळून तीन महिने गेले. माझ्याकडे पॉलिश पेपर मारणे आणि आतल्या पोकळीत गंजरोधक प्रायमर सोडणे एवढेच काम होते, पण प्रत्येक टाका पडताना मी पाहिला आहे.

शेजारच्या जागेत १९६६ सालची फोर्ड मस्टँग उभी आहे. १७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात ही मोटार पहिल्यांदा लोकांसमोर आली. अमेरिकेतले जाणकार तिला मसल कार न म्हणता पोनी कार (लहान बांध्याची स्पोर्टी गाडी) म्हणतात, आणि मसल कारचा मान त्याच वर्षीच्या पाँटिॲक जीटीओला देतात, कारण मध्यम बांध्याच्या गाडीत ३८९ घनइंचाचे मोठे इंजिन घालण्याची कल्पना तिने रूढ केली. गॅरेजमधल्या पोरांना हा भेद मान्य नाही, ४.७ लिटरचा व्ही-८ ही त्यांच्या दृष्टीने पुरेशी मसल आहे. या मस्टँगचा रोग वेगळा आहे: पुढच्या काचेखालच्या हवेच्या जाळीतून पाणी आत झिरपते आणि तळाचा पत्रा खाते. परंतु तिला लागेल तो भाग पेटीत बंद होऊन परदेशातून येतो. इतकेच काय, तिकडे जुन्या मस्टँगची अख्खी नवी बॉडीही विकत मिळते. आमच्या फियाटचे मडगार्ड चोर बाजारात शोधावे लागते किंवा पत्रा ठोकून बनवावे लागते. असे असूनही ती मस्टँग चार वर्षे जागची हललेली नाही. तिच्या मालकांनी वर्षाचे भाडे आगाऊ भरून फळ्याच्या नियमातून सूट मिळवली आहे, आणि मामांनी ती का दिली हे मला आजही समजलेले नाही. उघडलेल्या पेट्यांवर धूळ बसली आहे.

आता तक्रारी. क्रोमचे काम बाहेर जाते आणि ते खराब येते. आमचा पुढचा बंपर पहिल्यांदा डागाळलेला आला. दुसऱ्यांदा करून घेताना मला निम्मे पैसे द्यावे लागले, जे न्याय्य नव्हते. लेथचे काम शेजारच्या गाळ्यात होते आणि तो गाळेवाला कोणाचाच नाही. हिशेब वहीत व्यवस्थित असतो, पण बिल मागितल्यावर चिठ्ठी मिळते. स्वच्छतागृहाची सोय नाही. स्त्रियांनी हे लक्षात घेऊनच जावे. रंगासाठी बंद खोली नाही, मात्र जून ते सप्टेंबर रंगाला हात लावायचा नाही हा नियम कसोशीने पाळला जातो, कारण दमट हवेत रंगावर पांढरट थर धरतो. ते चार महिने वायरिंग, ब्रेक आणि गिअरच्या दांड्यांचे बुश यांना दिले जातात. पावसाळा वाया गेला असे त्यामुळे एकदाही वाटले नाही.

एका बाबतीत मामांचा सल्ला मी आधी धुडकावला होता. मला नव्या गाडीचे इंजिन आणि जमिनीवरचा गिअर घालायचा होता. तसे केलेल्या फियाटी पुष्कळ आहेत आणि त्या चालवायला सोप्या असतात. त्यांनी मला नियम वाचायला लावले. २०२१ मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत केलेल्या बदलानुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेल्या खासगी गाडीला विंटेज म्हणून नोंदणी मिळू शकते, पण बॉडी, चासी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला असेल तर नाही. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षांची, पुढच्या फेरनोंदणीचे ५,००० रुपये, आणि क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन आणि देखभाल अशा मोजक्या कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. रोज बँकेत नेता येत नाही. मला रोज न्यायचीही नाही. इंजिन मूळचेच राहिले.

दोन वर्षांत मी ८३ रविवार हजर राहिले, म्हणजे सुमारे २५० तास. एवढे तास माझ्याकडे २०१० मध्येही होते. ज्यांना मोटार सोपवून किल्ली हातात घ्यायची आहे त्यांनी येथे जाऊ नये. मामा ते काम घेत नाहीत, आणि घेतलेच तर त्या मस्टँगसारखे होईल. हात काळे करण्याची तयारी असेल तर रविवारी सकाळीच जावे. फोन कोणी उचलत नाही, आणि अकराच्या पुढे मेगाब्लॉक असला की धीम्या गाड्या जलद मार्गावर वळवतात व त्या विद्याविहारला थांबत नाहीत. सध्या एक जागा मार्चमध्ये रिकामी होणार असल्याचे फळ्याच्या कोपऱ्यात लिहिले आहे. त्याच्या शेजारी माझ्या नावापुढे आहे: डावा मागचा दरवाजा, बीडिंग, चार मीटर.