कॉर्डलेस माईक, सात महिने झाले: आवाज सोन्यासारखा, पण तो लाल दिवा!

सप्ताहाच्या पाचव्या रात्री, दृष्टांत ऐन रंगात आला असताना महाराजांचा माईक गपकन बंद पडला. समोर सातशे-आठशे माणूस. महाराज बोलतच राहिले, पुढच्या चार ओळींना ऐकू गेलं, मागचा मंडप चुळबुळायला लागला. टाळकऱ्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांनी लगेच विठ्ठलनामाचा गजर धरला. गजर चालू असतानाच मी महाराजांच्या उपरण्याखाली हात घालून कमरेचा पॅक (माईकचा आवाज बिनतारी पाठवणारी सेलवरची छोटी डबी) काढला, सेलचं झाकण नखाने उचकटलं, घाईत एक सेल सतरंजीवर पडून विणेकऱ्यांच्या पायाखाली गेला. दुसरे सेल घालून आवाज येईपर्यंत दोन-अडीच मिनिटं गेली. महाराज एका शब्दाने बोलले नाहीत, दृष्टांत मागून पुन्हा उचलला. मला मात्र त्या रात्री झोप आली नाही.

आमचं गाव पारनेर तालुक्यातलं. मंदिराच्या साउंडचं काम अकरा वर्षं माझ्याकडे आहे. हा सेट ज्येष्ठात वर्गणीतून घेतला, १६,५०० रुपयांना. एक हातातला माईक, एक कमरेचा पॅक, पॅकला कॉलर माईक आणि हेडसेट दोन्ही, आणि त्यांचा आवाज पकडून मिक्सरला देणारा दोन अँटेनांचा रिसिव्हर. यूएचएफचा आहे, म्हणजे वाय-फायपेक्षा खालच्या पट्ट्यातल्या रेडिओ लहरीवर चालतो. कंपनीचं नाव लिहीत नाही, सर्व्हिसवाल्यांशी झालेलं भांडण आत्ता कुठे मिटलंय.

आधी चांगलं सांगतो, कारण ते खरंच चांगलं आहे. वायरचा माईक होता तेव्हा महाराज स्टँडला बांधलेले असायचे. निरूपण करताना माणूस डावीकडे वळतो, दोन पावलं पुढे येतो, हात वर करतो, आणि दर वेळी आवाज अर्धा व्हायचा. शेवटच्या खांबापाशी बसणाऱ्या म्हाताऱ्या बायांना चाल ऐकू यायची, शब्द कळायचे नाहीत. श्रावणातल्या पहिल्याच कीर्तनानंतर त्यातल्या एक आजी उठून माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "आज सगळं समजलं रं बाबा." त्यासाठी १६,५०० जास्त नाहीत.

कॉलर माईक मात्र वारकरी कीर्तनाला घेऊ नका. तो छातीवर, तोंडापासून वीतभर लांब. शिवाय तो चारी बाजूंचं ऐकतो. मागे टाळकऱ्यांची रांग, बाजूला मृदंग, म्हणजे महाराजांच्या शब्दाआधी टाळच आत शिरतो. आवाज चढवावा तर शिट्टी. गळ्यात हार घातला की त्याची खरखर वेगळी. हेडसेटची कांडी ओठांच्या कोपऱ्यापासून दोन बोटांवर येते, म्हणून मिक्सरवर आवाज कितीतरी कमी ठेवला तरी शब्द स्वच्छ निघतो आणि टाळ मागे राहतो. जुने महाराज आधी नको म्हणतात. "कानाला कशाला रे ते बाळा?" मी सांगतो, "महाराज, फेट्याखाली वायर जाते, दिसत पण नाही. पाच मिनिटं घालून बघा, नाही आवडलं तर काढतो." आजवर एकाच महाराजांनी काढायला लावला.

पारायणाला हातातला माईक स्टँडवर लावतो. व्यासपीठ चालवणाऱ्यांनी जाळी मुठीत धरली की आवाज बदलतो आणि शिट्टी सुरू होते. जाळीखालच्या कॅप्सूलला, म्हणजे आवाज पकडणाऱ्या भागाला, मागून-बाजूने हवा लागावी लागते, तेव्हाच तो समोरचं ऐकतो आणि मागचं सोडतो. मूठ आवळली की तो सगळीकडचं ऐकायला लागतो, स्पीकरच्या बॉक्समधलंसुद्धा. भजनाला बसणाऱ्या पोरांना हे मी दर वेळी सांगतो. टीव्हीवरचे गायक तसंच धरतात म्हणून ही पण धरतात.

सुरुवातीला आवाज तुटायचा आणि रेंज खराब आहे म्हणून मी सेटला दोष देत होतो. चूक माझी होती. रिसिव्हर मी टाळकऱ्यांच्या मागे, मिक्सरशेजारी जमिनीवर ठेवायचो. महाराजांच्या कमरेचा पॅक आणि रिसिव्हर यांच्यामध्ये चौदा माणसं उभी. माणसाच्या अंगात निम्म्याहून जास्त पाणी, आणि पाणी माईकची रेडिओ लहर पिऊन टाकतं. रिसिव्हर मंडपाच्या पाइपला सात फुटांवर बांधला, तिथून मिक्सरपर्यंत लांब वायर ओढली, तेव्हापासून एकदाही तुटला नाही. पुतण्याने मोबाइलला लावायचे छोटे माईक आणले होते, २.४ गिगाहर्ट्झवाले. घरात छान चालले. मंडपात वाय-फाय आणि ब्लूटूथ चालू असलेले तीनशे मोबाइल जमल्यावर त्यांचं काही खरं राहिलं नाही, तेही सगळं त्याच पट्ट्यात चालतं.

आता लाल दिव्याकडे येतो.

पॅकवर सेलचा एक दिवा आहे. हिरवा म्हणजे ठीक, लाल म्हणजे संपत आले. तो दिवा पॅकवरच आहे. पॅक महाराजांच्या पाठीमागे कमरेला, वरून उपरणं. मी पंधरा फुटांवर मिक्सरला. रिसिव्हरवर सिग्नलच्या पट्ट्या दिसतात, चॅनेल दिसतो, आवाज किती चढला ते दिसतं, सेल किती उरलेत ते दिसत नाही. १६,५०० रुपयांच्या वस्तूत हे एवढं नसावं? बोलणाऱ्याला पाठीमागचा दिवा दिसत नाही आणि ज्याला बघायचा त्याच्यापर्यंत तो पोचत नाही.

त्यात सेलचा खर्च. चांगल्या अल्कलाईन सेलची जोडी आमच्याकडे ९० रुपयांना पडते. कीर्तनाला रोज नवी जोडी म्हणजे सात, पारायण-हरिपाठाला चार, एका सप्ताहात ९९० रुपये नुसते सेलचे, आणि निम्मे जीव असलेले सेल घरोघरच्या घड्याळात. वर्गणीचा पैसा आहे, एकेका रुपयाचा हिशोब फळ्यावर लागतो. किराणा दुकानातल्या स्वस्त सेलवर पॅक तासाभरात मान टाकतो. म्हणून कार्तिकातल्या सप्ताहाला १,४०० रुपयांचे चार्जिंगचे चार सेल आणि चार्जर घेतला. पहिल्याच दिवशी दिवा लाल. सेल बदलले, पुन्हा लाल. माईक मात्र व्यवस्थित चालू. चार दिवस असेच गेल्यावर त्या दिव्याकडे मी बघायचं सोडलं. पाचव्या दिवशी दुपारी लाईट नव्हती, जोड्या चार्ज झाल्या नाहीत, आणि रात्री जे झालं ते वर लिहिलंय.

पॅक जिल्ह्याच्या गावाला सर्व्हिसला दिला. तेवीस दिवस ठेवून घेतला. परत दिला तेव्हा कागदावर "दोष आढळला नाही" आणि ३५० रुपये तपासणी. वॉरंटीत असताना तपासणीचे पैसे कसले? म्हणे चार्जिंगचे सेल वापरले की वॉरंटी नाही. मी कार्ड काउंटरवर उघडून ठेवलं आणि म्हटलं, कुठल्या ओळीत लिहिलंय तेवढं बोट ठेवून दाखवा, देतो पैसे. ओळ नव्हतीच. अर्धा तास वाद झाला, शेवटी ३५० घेतले नाहीत. हे लिहितोय ते पुढच्याला उपयोग व्हावा म्हणून: कार्ड सोबत घेऊन जा.

इथपर्यंतचं मी दत्तजयंतीच्या आधी लिहून ठेवलं होतं आणि शेवटी "घेऊ नका" असं लिहिलं होतं. ते आता खोडतोय. त्याच दुकानात मागे बसणारे एक वयस्कर कारागीर बाहेर आले, त्यांनी माझे सेल मीटरला लावून दाखवले. अल्कलाईन सेल दीड व्होल्टला सुरू होतो आणि हळूहळू उतरत जातो. चार्जिंगचा सेल सव्वा व्होल्टच्या आसपास येतो आणि बराच वेळ तिथेच टिकतो, मग एकदम कोसळतो. दिवा अल्कलाईनच्या उताराप्रमाणे बसवलेला, त्यामुळे भरलेला चार्जिंगचा सेल त्याला संपत आलेलाच वाटतो. काही सेटमध्ये सेलचा प्रकार निवडायची सोय असते, यात नाही.

घरी आल्यावर पूर्ण चार्ज केलेली जोडी घालून पॅक चालू केला, हेडसेट रेडिओपुढे ठेवला आणि वहीत वेळ लिहीत बसलो. चाळीस मिनिटांनी दिवा लाल झाला. पॅक बंद पडला तो सात तास वीस मिनिटांनी. म्हणजे सेल कीर्तनाला तिपटीने पुरतात, फक्त दिवा काही कामाचा नाही. दत्तजयंतीला जन्माचं कीर्तन, पाळणा, आरती, सगळं एका जोडीवर झालं.

आता जोड्यांवर मार्करने १ आणि २ लिहिलंय. जोडी मोडायची नाही, कारण एक सेल दमलेला असला की दुसऱ्यालाही खाली ओढतो. प्रत्येक जोडी किती वेळ चालली ते वहीत लिहितो आणि पाच तासांवर, दिवा काहीही सांगो, बदलतो. कीर्तन साडेसातला उभं राहायच्या आधी जोडी बदललेली असते. खिशात अल्कलाईनची एक न फोडलेली जोडी कायम. पॅक उलटा, झाकण बाहेर येईल असा लावतो, म्हणजे उपरण्याखाली चाचपडावं लागत नाही.

नवीन घेणाऱ्याने दुकानात एकच गोष्ट विचारावी: कमरेच्या पॅकचे सेल रिसिव्हरवर दिसतात का? दिसणारा सेट चार-पाच हजारांनी महाग सांगितला होता आणि तेव्हा मीच ट्रस्टींना नको म्हणालो होतो. चैत्रात हनुमान जयंतीच्या सप्ताहाला शेजारच्या गावाचा तसा सेट दोन दिवस मागून आणायचं ठरलंय. तो वापरला की इथेच खाली लिहीन.