अँकीवर इंग्रजी शब्दसंग्रह : सात-आठ महिन्यांच्या वापरानंतर

घरात मराठी, बाजारात गुजराती आणि ऑफिसात सगळ्यांची मिसळ. वडोदऱ्यात आपल्यापैकी बहुतेकांचं असंच चालतं. कामापुरतं इंग्रजी येतं, पण अग्रलेख वाचायला घेतला की परिच्छेदागणिक दोन-तीन शब्द अंदाजाने मागे टाकावे लागतात. ते मला थांबवायचं होतं, म्हणून पावसाळ्यापासून अँकी वापरतेय.

हे फ्लॅशकार्डांचं, म्हणजे पुढे प्रश्न आणि मागे उत्तर अशा कार्डांचं, अ‍ॅप. कॉम्प्युटर आणि अँड्रॉइडवर फुकट, आयफोनवर एकदा पैसे भरावे लागतात. पाठ केलेलं आधी भराभर आणि मग हळूहळू विसरतं, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसने १८८५ साली स्वतःवर प्रयोग करून मांडलं होतं. अँकी त्यावरच चालतं: कार्ड आठवलं की त्याची पुढची तारीख लांब जाते, नाही आठवलं की जवळ येते.

खरा फरक कार्ड कसं बनवता यात आहे. मी उतरवलेल्या एका तयार डेकमध्ये (कार्डांच्या संचात) 'मिटिगेट' आणि 'अलीव्हिएट' दोन्हींपुढे नुसतं 'कमी करणे' होतं. अशी कार्डं पटापट बरोबर येतात आणि मेल लिहिताना काहीच हाताशी लागत नाही. म्हणून माझी कार्डं मीच लिहिते. आपल्या विश्वामित्री नदीच्या पुराच्या बातमीवरून केलेल्या कार्डावर पुढे एवढंच आहे: 'द न्यू वॉल विल ___ द रिस्क ऑफ फ्लडिंग'. मागे 'मिटिगेट', मराठीत 'तीव्रता कमी करणे', त्याच्यासोबत येणारे रिस्क, इम्पॅक्ट, डॅमेज, आणि खाली एक ओळ: 'अगेन्स्ट' लावायचं असेल तर शब्द 'मिलिटेट', त्याचा अर्थ वेगळा. एवढं लिहायला पाचेक मिनिटं जातात, पण निम्मं पाठांतर तिथेच होतं. वाक्य आपल्या गावचं असलं की जास्त टिकतं, हे मी पैजेवर सांगेन.

अ‍ॅप मुळात रोज २० नवी कार्डं देतं. नोकरी करणाऱ्याने ती आठ-दहावर आणावीत, कारण आजची कार्डं उद्याही येतात, आठवड्यानेही, आणि महिन्याभरात उजळणीचा ढीग होतो. २०२३पासून त्यात एफएसआरएस नावाची, कार्डाची पुढची तारीख ठरवणारी नवी गणनपद्धत आली आहे, ती जरूर चालू करा. त्यात किती टक्के लक्षात राहायला हवं हे ठरवता येतं. ९० पुरे, ९५ केलं की उजळणी भलतीच वाढते. आठ वेळा विसरलेल्या कार्डाला अ‍ॅप 'लीच' म्हणून बाजूला काढतं. ते तसंच परत आणू नका, वाक्य बदलून नवं लिहा.

उच्चाराकडे वेगळं लक्ष द्यावंच लागतं. आपण अक्षरं बघून वाचतो, त्यामुळे 'एपिटमी'चं 'एपिटोम' होतं आणि 'हायपर्बली'चं 'हायपरबोल'. शब्दकोशाच्या साइटवर ऐकून उच्चार देवनागरीत कार्डावर लिहिला की बैठकीत बोलताना अडायला होत नाही.

अँकी नवे शब्द आणून देत नाही, ते वाचनातूनच यायला हवेत. मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत शनिवारी तासभर इंग्रजी मासिकं चाळते, पुन्हा पुन्हा भेटणारे शब्द तेवढे वहीत घेते. एकदाच दिसलेला भारदस्त शब्द मी सोडून देते. शब्दांच्या लॅटिन मुळांची मदत मात्र खूप होते: 'बेने' म्हणजे चांगलं, 'मॅल' म्हणजे वाईट, एवढं माहीत असलं की बेनेव्हलंट आणि मॅलेव्हलंट दोघंही एकदम ओळखीचे होतात.

माझी भाची जीआरईची, म्हणजे परदेशात पुढे शिकायला जाण्यासाठीच्या प्रवेश परीक्षेची, तयारी करतेय. "मावशी, शब्दांची यादीच पाठ करू का?" असं तिने विचारलं, तेव्हा मी नको म्हटलं. २०११पासून त्या परीक्षेत विरुद्धार्थी शब्दांचे प्रश्न नाहीत. आता वाक्यातली जागा भरायची असते, आणि एका प्रकारात तर सहा पर्यायांतून वाक्याचा अर्थ सारखाच ठेवणारे दोन शब्द निवडायचे. तिच्यासाठी आम्ही जोड्यांची कार्डं केली: एकच वाक्य, आणि मागे त्यात चपखल बसणारे दोन शब्द.