अ‍ॅपवरचं चॅट की ठरलेल्या मॅडमचा फोन?

गेल्या महिन्याभरात दोघांनी मला हे विचारलं. कोण ते सांगत नाही, विषयच तसा आहे. दोघांनाही समुपदेशन घ्यायचंय आणि तेही ऑनलाइनच. अडलंय एवढ्यावरच, की महिन्याची वर्गणी भरून अ‍ॅपवर चॅट करावं, की एकच समुपदेशक गाठून आठवड्याला ठरल्या वेळी फोनवर बोलावं. मी दोन्ही करून बसलोय. म्हणून हा आढावा.

ऑनलाइनच का, हे किनाऱ्यावरच्या माणसाला वेगळं सांगायला नको. दापोलीत स्कूटर कुणाच्या दारासमोर लावली, यावरून संध्याकाळपर्यंत वाडीत तुमच्या आजाराचं निदान झालेलं असतं. रत्नागिरीचं तर नावच काढू नका. राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक तिथे आहे, त्यामुळे ‘याला रत्नागिरीला न्या रे’ ही आमच्याकडची जुनी चेष्टा. तिथली डॉक्टरमंडळी चांगलीच असतील, प्रश्न त्यांचा नाही.

माझं कारण साधं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं आणि आगरातल्या पोफळी, म्हणजे सुपारीची झाडं, अर्ध्यावर मोडून पडल्या. नवी पोफळ धरायला सहा-सात वर्षं जातात. गंमत अशी, की तेव्हा मी ठीक होतो. झोप उडाली ती दोन वर्षांनी, सगळे ‘सावरलात हो तुम्ही’ म्हणायला लागल्यावर.

पहिल्यांदा अ‍ॅप घेतलं. त्याच्या बाजूनं जे आहे ते प्रामाणिकपणे सांगतो. रात्री दोनला लिहिता येतं. तोंडानं जे निघत नाही ते बोटांनी निघतं. आणि टाइप केलेलं कुणाला ऐकू जात नाही. आमच्यासारख्या जुन्या कौलारू घरात हा फायदा लहान नाही. भिंती आढ्यापर्यंत गेलेल्याच नसतात, माजघरात कुणी कूस बदलली तरी ओटीवर कळतं.

पण तीन महिन्यांत समुपदेशक तीन बदलले आणि दर वेळी मी पुन्हा वादळापासून सुरुवात केली. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे मानसिक आजारांवरच्या उपचाराचं खास शिक्षण घेतलेला मानसशास्त्रज्ञ, असेल तर त्यांची नोंद ठेवणाऱ्या भारतीय पुनर्वास परिषदेकडचा नोंदणी क्रमांक मागता येतो. नुसत्या ‘समुपदेशक’ या पाटीमागे काय शिक्षण आहे, ते मात्र विचारल्याशिवाय कळत नाही. मी विचारलं, तेव्हा हसऱ्या चेहऱ्याचं चित्र आलं. हेही चालवून घेतलं असतं.

नाही चालवून घेतलं ते पुढचं. आंब्याचे दिवस, खळ्यात पेट्या रचलेल्या, टेम्पोवाला भाड्यासाठी खोळंबलेला. पैसे गेले हे दाखवायला मी त्याच्यापुढे फोन धरला आणि नेमकी वरून अ‍ॅपच्या नोटिफिकेशनची पट्टी उतरली: ‘आज मन कसं आहे?’ त्यानं मोठ्यानं वाचलं. वर म्हणाला, “आमचं बरं आहे, तुमचं?” खळ्यात सहा माणसं होती. पुढचे पंधरा दिवस पाखाडीवर भेटेल तो मनाची खुशाली विचारायचा.

ती पट्टी मी सेटिंगमध्ये जाऊन बंद केली. अ‍ॅप अपडेट झालं, पट्टी परत आली. पुन्हा बंद केली, तर एसएमएस यायला लागले. मग लक्षात आलं, की फोन माझ्या नावावर असला तरी तो माझा नाही, घराचा आहे. बायको त्याच्यावर लाइटबिल भरते, मुलगी अभ्यासाचे व्हिडिओ बघते, म्हातारे वडील माझ्या मुंबईच्या भावाशी बोलतात. आणि त्याच फोनमध्ये, त्याच भावाविषयी मी रात्री दोनला लिहिलेलं सगळं तारीखवार पडून होतं. संदेश वाटेत कुणी वाचू शकत नाही, असं ही अ‍ॅपं सांगतात. खरंही असेल. वाटेची भीती मला नव्हतीच.

दूरची भीती हवी असेल तर तीही आहे. फिनलंडमधल्या वास्तामो या मानसोपचार संस्थेतून हजारो लोकांच्या नोंदी चोरीला गेल्या आणि २०२० साली त्या लोकांनाच खंडणीचे ईमेल आले. अमेरिकेत बेटरहेल्प या मोठ्या कंपनीनं ग्राहकांची माहिती जाहिरातींसाठी फेसबुकसारख्यांना दिल्याचा आरोप झाला. ते प्रकरण २०२३ मध्ये ७८ लाख डॉलर भरून मिटलं. माझ्या अ‍ॅपनं असं काही केलं असं मी म्हणत नाही. लिहिलेलं उरतं आणि बोललेलं विरतं, एवढंच म्हणतो.

बोललेलंही विरत नाही कधीकधी, आणि तो दोष माझाच. पुण्याच्या एका मॅडमकडे फोनवरची सत्रं सुरू केली. त्यांनी आधी दोन पानांचं मराठी संमतीपत्र पाठवलं. त्यात एक ओळ होती: दोन्ही बाजूंनी कुणीही रेकॉर्डिंग करायचं नाही. मी मान डोलावून सही केली. महिन्याभरानं सुपारीच्या व्यापाऱ्याचा दर ऐकायला रेकॉर्डिंगचं फोल्डर उघडलं, तर व्यापाऱ्यांच्या रांगेत माझी चार सत्रं बसलेली! दरावरून नंतर वाद नको म्हणून प्रत्येक कॉल आपोआप रेकॉर्ड होईल असं मीच कधीतरी करून ठेवलं होतं. मॅडमना सांगितलं, त्यांच्यासमोर पुसलं. त्या रागावल्या नाहीत, पण त्यांच्या आवाजातला फरक मला कळला. गुपित सांभाळायचं म्हणजे ते त्यांनी सांभाळायचं, असं मी धरून चाललो होतो.

त्याच कागदावर गुपित कुठे संपतं तेही लिहिलं होतं आणि पहिल्या कॉलवर त्यांनी ते तोंडानं वाचून दाखवलं. जिवाला धोका असेल, स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या, तर त्या गप्प बसणार नाहीत. लहान मुलाच्या लैंगिक छळाविषयी काही कळलं तर पोक्सो कायद्यानं, म्हणजे २०१२ पासून, ते पोलिसांना कळवावंच लागतं. कोर्टानं मागितलं तर द्यावं लागतं. अवघड केस वाटली तर त्या आपल्या वरिष्ठांशी चर्चा करतील, नाव न घेता. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम २३ मध्ये गोपनीयतेचा हक्क आणि त्याचे अपवाद आहेत. अ‍ॅपच्या अटींतही असलं काहीबाही होतंच, पण ते पानोपानी इंग्रजीत आणि खाली ‘मान्य’ हे बटण. मी ते किती वाचलं असेल, तुम्हीच ओळखा.

मला सर्वांत खटकलं ते दर कॉलच्या सुरुवातीचं: “आत्ता नेमके कुठे आहात?” ही कसली चौकशी, असं वाटायचं. शिवाय गरज पडली तर कळवायला एकाचं नाव आणि नंबर हवा. मी डोंबिवलीच्या भावाचा दिला. त्या म्हणाल्या, डोंबिवलीहून कोण येणार? अर्ध्या तासात तुमच्यापर्यंत पोहोचेल असा माणूस द्या. म्हणजे गावात निदान एकाला तरी सांगणं आलं, आणि तेच तर मला टाळायचं होतं. आठ दिवस घोळ घातला. शेवटी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना सांगितलं. ते “बरं” एवढंच म्हणाले आणि ब्लडप्रेशर बघितलं. पुण्याहून धावत येता येत नाही, मग पत्ता विचारण्यावाचून मॅडमकडे दुसरा उपाय तरी काय होता? अ‍ॅपनं मला कधीच विचारलं नाही मी कुठे आहे. तेव्हा ते सोयीचं वाटायचं.

बाकीच्या जबाबदाऱ्या पटकन उरकतो. वेळेवर हजर राहायचं. रद्द करायचं तर २४ तास आधी. विसरलो तर पूर्ण फी, रेंज गेली तर माफ. कॉल तुटला तर त्या पाच मिनिटांत दोनदा लावतात, नाही लागला तर एसएमएस. गाडी चालवताना किंवा पिऊन बोलायचं नाही. झोपेची गोळी सुरू असेल तर सांगायची. व्हिडिओ चांगला असं त्यांचं मत आहे, चेहरा दिसतो म्हणून. आमच्याकडे व्हिडिओत चेहरा गोठतो आणि आवाज मागून येतो, तेव्हा नुसता आवाज बरा. माझं मत, मोजमाप नाही.

या व्यवस्थेत उणं एकच: रात्री दोनला मॅडम नसतात. तसं संमतीपत्रात स्वच्छ लिहिलंय, आणि त्याच ओळीत १४४१६ हा टेलि-मानसचा नंबर. केंद्र सरकारची ही फोनवरच्या समुपदेशनाची सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. फुकट, रात्रंदिवस आणि मराठीतही. मी दोनदा लावलाय.

अ‍ॅप कुणी घ्यावं? ज्याचा फोन खरोखर त्याचा एकट्याचा आहे त्यानं. हॉस्टेलवरच्या मुलामुलींना चालेल. सासरी आवाज काढून बोलायची सोय नाही अशा बाईला तर कदाचित तेच बरं पडेल, तिच्याबाबतीत मी आग्रह धरणार नाही. फक्त पट्ट्या आधी बंद करायच्या, आणि सोडताना नुसतं अ‍ॅप काढून न टाकता खातं व माहिती पुसायला लेखी सांगायचं. तो हक्क २०२३ च्या डिजिटल माहिती संरक्षण कायद्यात दिलेला आहे. पैशाचं म्हणाल तर माझ्या अ‍ॅपच्या महिन्याच्या वर्गणीत मॅडमचे दोन कॉल होतात.

माझा गुरुवार संध्याकाळी पाचचा असतो. घरात बोलता येत नाही म्हणून सड्यावर जातो. उघडा कातळ, तिन्ही बाजूंना माणूस नाही, आणि रेंजही तिथेच सर्वांत चांगली. गुराख्यांना वाटतं मी जमिनीचे व्यवहार करतो. पावसाळ्यात मात्र सड्यावर उभं राहवत नाही. तेव्हा व्हॅन गडग्याला लावतो आणि काचा वर करून बसतो. पाच मिनिटांत आतून वाफ धरते आणि बाहेरच्याला काही दिसत नाही.