दादरला घेतलेली ई स्केलची बासरी : नादाच्या कसोटीवर

दादर पश्चिमेच्या एका जुन्या वाद्यांच्या दुकानातून घेतलेली ही ई स्केलची, म्हणजे जिचा षड्ज (सा) पाश्चात्त्य ‘ई’ या स्वराशी जुळतो अशी, बासरी संपूर्ण पावसाळा माझ्या रियाजात आहे. किंमत साडेचार हजार रुपये, लांबी जवळपास तीस इंच आणि बोटांची भोके सहा. दोऱ्याचा रंग, पॉलिश आणि कापडी पिशवी यांविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. ज्या बासरीवर मंद्र पंचम (खालच्या सप्तकातला प) भरीव लागत नाही तिचे बाकीचे गुण माझ्या लेखी गौण आहेत, म्हणून हे परीक्षण मुख्यतः नादाचे आहे.

सहाही भोके बंद करून लावलेला मंद्र पंचम हीच या वाद्याची खरी जमेची बाजू आहे. तो हळू फुंकेवरही स्थिर राहतो आणि त्यात वारा मिसळत नाही. याचे श्रेय मुखरंध्राच्या, म्हणजे फुंकायच्या भोकाच्या, घडणीला द्यावे लागेल. ओठांतून निघालेला हवेचा पातळ झोत मुखरंध्राच्या समोरच्या कडेवर आदळतो, आळीपाळीने नळीच्या आत आणि बाहेर झुकत राहतो आणि त्यामुळेच नळीतली हवा कंप पावते. ती कड बोथट किंवा खरबरीत असली, तर कितीही रियाज केला तरी फुंकेचा बराचसा भाग नुसत्या सुसकाऱ्यात वाया जातो. या बासरीची कड स्वच्छ कापलेली असून आतल्या बाजूने किंचित तासलेली आहे. बासरी विकत घेताना अनेकजण आधी बांबूचा रंग पाहतात. त्यांनी आधी या कडेवरून अलगद बोट फिरवून पाहावे, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

तार, म्हणजे वरच्या, सप्तकाबद्दल मात्र माझी तक्रार आहे. मध्य षड्ज तानपुऱ्याशी नेमका जुळत असतानाही तार षड्ज थोडा उतरलेला येत होता. याचे कारण मुखरंध्राच्या वरच्या अंगाला नळीत बसवलेले बूच होते. ते सर्वसाधारणपणे मुखरंध्राच्या मध्यापासून नळीच्या आतल्या व्यासाइतक्या अंतरावर असावे लागते. ते अधिक दूर गेले की वरचे सप्तक उतरते आणि त्याची चमकही कमी होते. दुकानदाराने ते कोणतेही पैसे न घेता जरासे आत सरकवून दिले आणि दोष बराचसा दूर झाला. तरीही विक्रीपूर्वी तिन्ही सप्तके तपासली जायला हवी होती. ग्राहकाने दुकानातच तानपुऱ्याचे ॲप लावून मध्य आणि तार षड्ज पाठोपाठ वाजवून पाहावेत.

वाद्य चांगले असले तरी नाद आपोआप सुधारत नाही, आणि ही बासरी त्या बाबतीत बरीच शिस्तीची आहे. वरचा स्वर काढण्यासाठी जोरात फुंकण्याची सवय असलेल्याला तिच्यावर कर्कश, चढा स्वर मिळतो. येथे जोरापेक्षा ओठांमधली फट अरुंद करणे आणि झोताचे कडेपर्यंतचे अंतर थोडे कमी करणे अधिक उपयोगी पडते. मंद्रात उलट फट जराशी मोकळी, फुंक संथ आणि झोताचा रोख किंचित खाली हवा. यासाठी मला सर्वांत उपकारक ठरलेला अभ्यास असा : सहाही भोके बंद ठेवून, बोटे अजिबात न हलवता, केवळ ओठांच्या बदलाने मंद्र पंचम, मग मध्य पंचम आणि त्यानंतर तार ऋषभ (रे) काढायचा, आणि त्याच वाटेने सावकाश खाली यायचे. वर चढणे लवकर जमते. खाली उतरताना स्वर न तुटणे हे कठीण आहे, आणि ओठांवरचा ताबा नेमका तेथेच वाढतो. या बासरीवर तिन्ही स्वर स्पष्टपणे वेगळे मिळतात, हे मी तिच्या चांगल्या घडणीचे लक्षण मानतो.

भोकांमधले अंतर मोठे आहे. बोटांच्या टोकांनी ती झाकण्याचा प्रयत्न केल्यास अनामिकेखालून हवा निसटते आणि सगळा मंद्र पोकळ होतो; सपाट पेरांनी भोके झाकली की तोच स्वर भरतो. बासरीवादक पन्नालाल घोष यांनी सुमारे बत्तीस इंचांची बासरी शास्त्रीय मैफलीत रुजवली आणि करंगळीसाठी सातवे भोकही ठेवले. त्या मंद्राच्या गांभीर्याची ओढ असलेल्या वादकाला हातांची ही ठेवण शिकावीच लागते.

मुंबईच्या हवेचाही विचार करायला हवा. उकाड्यामुळे आपण पंख्याखाली बसतो, पण पंख्याचा वारा ओठांजवळच्या नाजूक झोताला विस्कटून टाकतो, आणि वादक उगाच स्वतःच्या फुंकेला दोष देत राहतो. रियाजापुरता पंखा बंद करावा किंवा त्याच्या झोतातून दूर, भिंतीकडे तोंड करून बसावे. भिंतीवरून परतलेला आवाज ऐकू आला की स्वरातला वारा लगेच लक्षात येतो. एसीच्या थंड खोलीत बासरी उतरते, कारण तापमान एका अंशाने कमी झाले की स्वर साधारण तीन सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) खाली येतो, तेव्हा तानपुऱ्याशी जुळवून पाहण्याआधी ती फुंकेने गरम करून घ्यावी. पावसाळ्यात तेलाचा हात अगदी हलका ठेवावा आणि प्रत्येक रियाजानंतर काठीला गुंडाळलेल्या मऊ कापडाने आतला ओलावा टिपावा. माझ्या बासरीला त्यामुळे बुरशी लागली नाही, आणि दोऱ्याचे बंध घट्ट असल्याने तडाही गेला नाही.

ज्यांचा हात मध्यम लांबीच्या बासरीवर बसला आहे आणि ज्यांना आता मंद्र सप्तकाचे काम करायचे आहे, त्यांनी ही बासरी जरूर घ्यावी. नवशिक्यांनी, विशेषतः लहान हातांच्या मुलांनी, याच दुकानातली ‘जी’ (G) स्केलची आखूड बासरी आधी वाजवून पाहावी. तिचीही कड तितकीच स्वच्छ आहे, आणि भोके जवळ असल्याने पहिल्याच आठवड्यात बोटांशी झगडण्याऐवजी लक्ष फुंकेवर देता येते.